धवला, मोबाइल आणि तीन आकडे

मुंबईहून नाशिककडे निघाले, की महामार्गावर भिवंडीच्या अलीकडे मानकोली नाका लागतो. रस्त्याला लागून गोदामांच्या रांगा आहेत, आणि त्या रांगांच्या मागे अजून गाव आहे. 2023 च्या मे महिन्यात आमच्या महाविद्यालयातील एका विद्यार्थ्याच्या घरी लग्नानिमित्त तेथे गेलो होतो. मांडवात डीजेच्या पेट्या पुरुषभर उंच रचल्या होत्या. घरात मात्र सत्तरी उलटलेली एक धवलारीण आजी हळदीचे धवले म्हणत होती. आगरी लग्नात धवलारणीचा मान मोठा. विधी आणि धवला यांची सांगड तीच घालते. आजींचे अक्षराशी नाते नाही. पूर्ण लग्न त्यांना तोंडपाठ.

घरच्यांनी ते सारे ध्वनिमुद्रित करायचे ठरवले होते. मोठ्या भावाने मोबाइलवर ध्वनिमुद्रणाचे एक अ‍ॅप घेतले होते व त्यातील प्रत्येक आकडा जितका मोठा करता येईल तितका केला होता. नमुने सेकंदाला 96,000, बिट 24, मायक्रोफोनची पातळी पार वर. त्याची बहीण तेव्हा नववीत होती. ती मला हळूच म्हणाली, "सर, माणसाला 20,000 हर्ट्‌झपर्यंतच ऐकू येते असे पुस्तकात आहे. मग हे 96,000 हर्ट्‌झ कोणासाठी, वटवाघळांसाठी?"

प्रश्न चांगला होता. गडबडीत मी हसण्यावारी नेला, ही माझी चूक. दोन महिन्यांनी ते ध्वनिमुद्रण ऐकायला मिळाले तेव्हा आजींच्या आवाजाच्या जागी जागोजागी फाटक्या कागदासारखी फरफर होती. शिवाय मूळ फाईल फार जागा खाते म्हणून ती पुसून टाकली होती. उरली होती ती निरोपांच्या अ‍ॅपवरून चार घरी फिरून आलेली प्रत. पुढच्या वर्षी आजींना दम्याने गाठले, आणि लांब सुराचा धवला एका श्वासात म्हणणे त्यांना जमेनासे झाले.

विद्यार्थी मित्रांनो, आज प्रत्येक घरात ध्वनिमुद्रणाचे यंत्र आहे. ते वापरताना तीन आकडे समोर येतात: नमुनादर, बिट आणि बिटदर. हे तीन आकडे तीन वेगळ्या प्रश्नांची उत्तरे आहेत आणि त्यांपैकी एकही 'आवाज किती चांगला' या प्रश्नाचे उत्तर नाही, असे माझे म्हणणे आहे. आपण शाळा-महाविद्यालयांत ही गोष्ट नीट शिकवत नाही. शिक्षकांनी रागावू नये. मीही त्यांतलाच एक आहे.

प्रथम त्या मुलीचा प्रश्न घेऊ. आवाज म्हणजे हवेच्या दाबातील चढउतार. मायक्रोफोन त्याचे विजेच्या दाबातील चढउतारात रूपांतर करतो. अंकीय ध्वनिमुद्रणात हा विजेचा दाब ठरावीक अंतराने मोजून आकडे लिहून ठेवतात. एका मोजणीला नमुना म्हणावे. सेकंदाला किती वेळा मोजले तो नमुनादर. गोंधळ होतो तो येथे, की ध्वनीची वारंवारता हर्ट्‌झमध्ये आणि नमुनादरही हर्ट्‌झमध्ये. काही जण तर त्याला 'नमुना वारंवारता' म्हणतात. मग 96,000 हर्ट्‌झ ही ऐकू न येणारी किंकाळी आहे असे मुलांना वाटले, तर दोष मुलांचा नाही. आपण सरळ 'सेकंदाला इतके नमुने' म्हणावे. अर्धा गोंधळ तेथेच मिटेल.

किती नमुने पुरे? पायथ्याचा नियम असा: जी सर्वांत उंच वारंवारता टिपायची, तिच्या दुपटीपेक्षा जास्त. हॅरी नायक्विस्ट यांनी 1928 मध्ये तारायंत्राच्या संदर्भात याची पायाभरणी केली, रशियात कोटेलनिकोव्ह यांनी 1933 मध्ये हेच मांडले आणि क्लॉड शॅनन यांनी 1949 मध्ये त्याची सुबक सिद्धता दिली. कानाची मर्यादा 20,000 हर्ट्‌झ धरली, तर सेकंदाला 40,000 हून थोडे जास्त नमुने हवेत. कॉम्पॅक्ट डिस्क, म्हणजे सीडी, 1982 मध्ये जपानात विक्रीस आली तेव्हा तिचा नमुनादर 44,100 होता.

हा आकडा इतका विचित्र का, हे सांगितल्यावाचून मला राहवत नाही. त्या काळी एवढे अंक साठवायला सोयीची जागा म्हणजे व्हिडिओची फीत. चित्राच्या एका रेषेत तीन नमुने बसवत. एका पद्धतीच्या दूरदर्शन यंत्रणेत एका क्षेत्रातील वापरण्याजोग्या रेषा 245 आणि क्षेत्रे सेकंदाला 60. दुसऱ्या पद्धतीत रेषा 294 आणि क्षेत्रे 50. दोन्ही गुणाकार करून पाहा.

आता खरा प्रश्न. दोन नमुन्यांच्या मधला आवाज गेला कोठे? येथे बहुतेक पुस्तकांत एक आकृती असते: गुळगुळीत तरंग, आणि त्याच्यावर जिन्यासारख्या पायऱ्या. खाली लिहिलेले असते, पायऱ्या जितक्या बारीक तितका आवाज मूळच्या जवळ. ही आकृती फळ्यावरून कायमची पुसावी असे माझे स्पष्ट मत आहे. भिवंडीच्या मुलांना ती लगेच पटते, हे विशेष. घराघरांत यंत्रमागाचा धंदा पाहिलेला असतो. कापडात इंचाला जितके पीक जास्त तितके कापड दाट, हे त्यांना सांगावे लागत नाही. मग आवाजाचेही तसेच असणार! सेकंदाला 96,000 म्हणजे 48,000 च्या दुप्पट दाट.

ही उपमा फसवी आहे. भूमितीत आपण शिकतो, की एका रेषेत नसलेल्या तीन बिंदूंतून एक आणि एकच वर्तुळ जाते. कागदावर तीन बिंदू दिले की कंपासने तुम्ही पूर्ण वर्तुळ काढता. मधला कंस कोठून आणला, असे कोणी विचारत नाही. आकार वर्तुळ आहे ही अट आधीच ठाऊक असते. तिच्यामुळे तीन बिंदू पुरतात. चौथा, दहावा, शंभरावा बिंदू दिला तरी वर्तुळ तेच. नमुन्यांचेही असेच आहे. अट एवढीच, की नमुनादराच्या निम्म्यापासून वरची एकही वारंवारता आवाजात असता कामा नये. ही अट पाळली तर दिलेल्या सर्व नमुन्यांतून जाणारा तरंग एकच असतो. बिंदूंच्या मधला भाग गेलेला नसतो. तो ठरलेला असतो. आकड्यांचे पुन्हा विजेत रूपांतर करणारे मंडल शेवटी गाळणी लावून हाच गुळगुळीत तरंग बाहेर देते. प्रयोगशाळेत ऑसिलोस्कोप असेल तर मोबाइलवर 1,000 हर्ट्‌झचा स्वर वाजवून त्याच्या पडद्यावर पाहावा. पायऱ्या शोधून सापडत नाहीत.

अट मोडली तर काय होते, हे पाहायला मानकोली नाक्यासारखी जागा नाही. धावत्या ट्रकचे मोबाइलवर चित्रीकरण करा. चाकावरच्या नटांचे कडे चित्रात कधी थबकते, कधी चक्क उलटे फिरते. कॅमेरा सेकंदाला समजा 30 चित्रे घेतो. दोन चित्रांच्या मधल्या वेळात एक नट पुढच्या नटाच्या जागेच्या किंचित अलीकडे पोचला, तर डोळ्याला तो पुढचा नटच मागे सरकल्यासारखा दिसतो. खरी गती जाऊन तिच्या जागी खोटी गती आली. आवाजात हेच घडते. सेकंदाला 8,000 नमुने घेत असताना 5,000 हर्ट्‌झचा स्वर आत शिरला, तर नमुन्यांत तो 3,000 हर्ट्‌झचा स्वर म्हणून उतरतो, आणि एकदा उतरला की खऱ्या 3,000 पासून त्याला वेगळा काढता येत नाही. म्हणून मोजणीच्या आधीच वरच्या वारंवारता गाळून टाकतात. गाळणी कात्रीसारखी नेमक्या रेघेवर कापत नाही, तिला थोडी जागा लागते. 40,000 वर न थांबता 44,100 किंवा 48,000 पर्यंत जायचे कारण हे. त्यापुढे 96,000 वर नेऊन धवलारणीच्या गळ्यातले काही जास्त हाती लागत नाही. फाईल मात्र दुप्पट होते.

दुसरा आकडा बिटांचा. प्रत्येक नमुन्याची उंची किती बारीक फूटपट्टीने मोजली, हे तो सांगतो. एका बिटाने 2 खुणा, दोन बिटांनी 4, आणि 16 बिटांनी 65,536. 24 बिटांनी 1,67,77,216. नमुना दोन खुणांच्या मध्ये पडला की जवळच्या खुणेवर ढकलावा लागतो. नमुनादराने मधले काही हरवत नाही म्हटले, पण येथे मात्र थोडे खरोखर हरवते. ही छोटी चूक कानाला मंद खरखरीसारखी ऐकू येते. एक बिट वाढवला की ही खरखर सुमारे 6 डेसिबलने खाली जाते. 16 बिटांना ती सर्वांत मोठ्या आवाजाच्या सुमारे 96 डेसिबल खाली असते. मानकोलीतल्या एखाद्या घराचा विचार करा: डोक्यावर पंखा, स्वयंपाकघरात भांडी, पाठीमागे अहोरात्र चाललेला महामार्ग. आजींचा आवाज आणि ही पार्श्वभूमी यांत 40 डेसिबलचे अंतर मिळाले तरी नशीब. मग 16 बिटांची खरखर ऐकायला येणार कोण?

तरीही मी 24 बिट घ्या म्हणतो, आणि त्याचे कारण फूटपट्टीच्या दुसऱ्या टोकाला आहे. पायलीने धान्य मोजताना वर शीग चढते, हे तुम्ही घरी पाहिले असेल. जुन्या कॅसेटच्या फितीला अशी शीग चढत असे. आवाज थोडा जास्त झाला तर फीत तो हळूहळू दाबून का होईना सामावून घेई. अंकांच्या पायलीला शीग नाही. काठाशी फळी फिरवल्यासारखे वरचे सगळे सपाट कापले जाते. 16 बिटांत सर्वांत मोठी खूण गाठली, की त्यापुढचा आवाज दुप्पट असो की दसपट, आकडा तोच लिहिला जातो. तरंगाचा माथा कापला म्हणजे त्यात मूळ आवाजात नसलेल्या नव्या वारंवारता येतात. लग्नातली ती फरफर म्हणजे हे कापलेले माथे. अशा जागी तरंगाचा खरा माथा कसा होता हे आकड्यांत कोठेच नसते. नंतरची दुरुस्ती म्हणजे अंदाजाने लावलेले ठिगळ.

म्हणूनच ध्वनिमुद्रणाच्या अ‍ॅपमध्ये पातळीच्या पट्टीवर सर्वांत वरच्या टोकाला शून्य लिहिलेले असते आणि बाकी सारे आकडे उणे असतात. शून्य डेसिबल म्हणजे शांतता अशी समजूत करून घेतलेले पदवीधरही मला भेटले आहेत. ते शून्य म्हणजे पायलीचा काठ. आवाजाचे माथे उणे 12 च्या आसपास राहतील इतकी पातळी खाली ठेवावी. उणे 12 म्हणजे काठाच्या पाव उंची, म्हणजेच वरचे दोन बिट रिकामे सोडले. 24 मधले दोन गेले तर बिघडत नाही. आजींनी मध्येच आवाज चढवला, शेजारच्या बायकांनी एकदम साथ धरली, तरी काठापर्यंत जागा शिल्लक राहते. 24 बिटांचा घरगुती उपयोग एवढाच, आणि तो मोलाचा आहे. त्या मोठ्या भावाने 24 बिट घेतले खरे, पण पातळी पार वर नेऊन ती सगळी मोकळी जागा घालवून टाकली.

आता तिसरा आकडा, बिटदर. सेकंदाला एकूण किती बिट खर्च होतात, तो हा आकडा. सीडीवर 44,100 नमुने, प्रत्येकी 16 बिट, डावा-उजवा मिळून दोन प्रवाह. म्हणजे सेकंदाला 14,11,200 बिट. एका तासाचे होतात सुमारे साडेत्रेसष्ट कोटी बाइट. 1990 च्या दशकातील टेलिफोनच्या तारांवरून एवढे पाठवणे परवडण्यासारखे नव्हते, म्हणून आवाजाची घडी घालायच्या युक्त्या निघाल्या. घडी दोन प्रकारची. एकीत साडीची घडी घातल्यासारखे होते. जागा साधारण निम्मी लागते आणि उलगडली की साडी जशीच्या तशी. फ्लॅक नावाच्या फाईली या प्रकारच्या. दुसरीत साडीचा काही भाग कापून टाकतात. कोणता भाग? जो कानाला जाणवणार नाही असा. मोठ्या आवाजाच्या शेजारच्या वारंवारतेचा बारीक आवाज कानाला ऐकू येत नाही. ढोलाच्या थापेबरोबर जवळचा बारीक नाद बुडतो, हा आपला रोजचा अनुभव आहे. जर्मनीतील कार्लहाइन्त्स ब्रान्डेनबुर्ग व त्यांच्या सहकाऱ्यांनी कानाच्या या स्वभावाचा पद्धतशीर उपयोग करून एमपी3 घडवले. सेकंदाला 1,28,000 बिटांची एमपी3 म्हणजे सीडीचा अकरावा हिस्सा, आणि बहुतेकांना बहुतेक गाण्यांत फरक कळत नाही. ही मोठी बुद्धिमत्तेची गोष्ट आहे आणि तिला नाके मुरडण्याचे कारण नाही.

अडचण पुढे आहे. अंकीय प्रत मुळाबरहुकूम असते, असे आपण शिकवतो. फाईल जशीच्या तशी उतरवली तर ते अगदी खरे. शंभरावी प्रतही पहिलीसारखी. पण प्रत्येक वेळी उलगडून पुन्हा कापणारी घडी घातली, तर प्रत्येक वेळी थोडे आणखी जाते. झेरॉक्सची झेरॉक्स काढत गेल्यासारखे. निरोपांच्या अ‍ॅपवर आवाजी निरोप म्हणून पाठवलेला आवाज तर बोलण्यासाठी आखलेल्या कमी बिटदराच्या घडीतून जातो. बोलणे समजण्यापुरते त्यात राहते. फार पूर्वीपासून टेलिफोनही सेकंदाला 8,000 नमुने आणि 8 बिट एवढ्यावर भागवत आला आहे. धवला म्हणजे टेलिफोनवरचे बोलणे नव्हे. मोबाइलची गोंगाट कमी करणारी सोयदेखील येथे शत्रू ठरते, कारण एकसारखा टिकून राहणारा आवाज म्हणजे पंख्याची घरघर असे तिचे गणित असते, आणि धवल्यातला लांबवलेला स्वरही तसाच टिकून राहतो. त्या घरी उरलेल्या प्रतीत आजींचे लांब स्वर मध्येच पाणी ओतल्यासारखे विरघळतात. मुलाने ती प्रत पुन्हा मोठ्या फाईलमध्ये बदलून आणली आणि म्हणाला, सर, आता बिटदर वाढवला. सुपातून पाखडून उडालेले दाणे सूप मोठे केल्याने परत येत नाहीत. फाईल तेवढी फुगली.

कोणी म्हणेल, एवढा काथ्याकूट कशाला; शब्द लिहून घेतले की झाले. महानुभाव पंथातील महदंबेचे धवळे तेराव्या शतकातले. शब्द पोथ्यांतून आपल्यापर्यंत आले. तो आवाज आला नाही. पुण्यातील हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांनी 1980 च्या दशकापासून खेडोपाडी हिंडून जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. पुढे बर्नार्ड बेल यांची ध्वनिमुद्रणाला आणि संगणकावरील मांडणीला मदत झाली. लाखाहून अधिक ओव्यांचा तो संग्रह आज पीपल्स आर्काइव्ह ऑफ रुरल इंडिया या संस्थेमार्फत लोकांपुढे येत आहे. त्यातही शब्दांत उतरलेल्या ओव्या पुष्कळ, आवाजात उतरलेल्या त्या मानाने थोड्या. त्या काळी यंत्र महाग होते, ते घेऊन गावोगाव जाणे कष्टाचे होते. आज मानकोलीच्या त्या एका मांडवात शंभर मोबाइल होते. यंत्राची उणीव आपल्याला राहिलेली नाही, त्यावरचे आकडे वाचण्याची राहिली आहे. नववी-दहावीच्या ध्वनीच्या धड्यात प्रतिध्वनी आणि सोनार आहेत, ते असू द्यावेत. त्यांच्या शेजारी या तीन आकड्यांना दोन तासिका मिळाल्या तर मला बरे वाटेल.

2025 च्या फेब्रुवारीत आम्ही पुन्हा त्या घरी गेलो. लग्न नव्हते, दुपारची वेळ होती. पंखा बंद केला, खिडकीला गोधडी लावली. मोबाइल चौघडी पंचावर आजींपासून दोन हातांवर ठेवला, कारण पाटावर ठेवला की पाटाचा कंप आत येतो. 48,000 नमुने, 24 बिट, एकच प्रवाह. पातळीच्या पट्टीवर लक्ष ठेवायचे काम बहिणीने घेतले, ती आता दहावीत होती. आजी दर दोन ओळींनी थांबत, पाणी पीत, पुन्हा धरत. 40 मिनिटांची फाईल सुमारे साडेचौतीस कोटी बाइट झाली. तिच्या दोन प्रती दोन वेगवेगळ्या जागी ठेवल्या, आणि त्यानंतरच एमपी3 काढून ती नातेवाइकांना वाटली. ध्वनिमुद्रणात एके ठिकाणी महामार्गावरच्या ट्रकचा भोंगा आला आहे. तो आम्ही काढला नाही.

आजींच्या कानांना हेडफोन लावले. त्यांनी दोन ओळी ऐकल्या, हेडफोन काढून उलटसुलट करून पाहिले, आणि म्हणाल्या, "यो माजा आवाज हाय?"